डायलिसिस आणि कर्करोग: यंत्रामुळे धोका वाढतो का, आणि तपासण्या कुणी कोणत्या करायच्या?

कृष्णाकाठ

नमस्कार. माझे बाबा (वय ५६) सहा-सात वर्षांपासून आठवड्यातून तीनदा हिमोडायलिसिस (यंत्राने रक्त शुद्ध करणे) घेत आहेत. त्यांची मूत्रपिंडे मधुमेहाने नव्हे, तर तरुणपणी झालेल्या ग्लोमेरुलोनेफ्रायटिसने, म्हणजे मूत्रपिंडातल्या गाळण्यांच्या दाहाने, निकामी झाली. प्रत्यारोपणासाठी त्यांचे नाव प्रतीक्षायादीत आहे. अलीकडे पित्ताशयाच्या दुखण्यासाठी पोटाची सोनोग्राफी केली, तेव्हा दोन्ही मूत्रपिंडे आक्रसलेली असून त्यांत बऱ्याच सिस्ट (द्रवाने भरलेल्या पिशव्या) झाल्याचे दिसले. डावीकडच्या एका सिस्टची भिंत जाड वाटते, तरी सीटी स्कॅन करून घ्यावा, असे अहवालात लिहिले आहे.

डायलिसिस केंद्राबाहेरच्या बाकावर बसणाऱ्या नातेवाइकांचे ठाम मत असे, की इतकी वर्षे यंत्रावर काढली की कॅन्सर व्हायचाच. काका म्हणतात, एखाद्या लॅबचे ‘कॅन्सर पॅकेज’ एकदाचे करून टाका. बाबांचे म्हणणे तिसरेच आहे: जी किडनी इतकी वर्षे थेंबभर काम करत नाही, तिची आता कसली चौकशी करायची?

माझे प्रश्न दोन. डायलिसिसमुळे कर्करोगाचा धोका खरोखर वाढतो का? आणि वाढत असेल, तर घरच्यांनी कोणत्या तपासण्यांचा आग्रह धरावा आणि कोणत्यांचा धरू नये?

मिश्कील

काम बंद केलेल्याचीच चौकशी लागते, हा नियम मी आजवर फक्त सरकारी खात्यांत पाहिला होता. बाबांना नमस्कार सांगा. सीटी मात्र करून घ्या.

नेफ्रॉन

मी मूत्रपिंडविकारतज्ज्ञ म्हणून काम करतो. कागदपत्रे न पाहता तुमच्या वडिलांविषयी काही सांगणे योग्य होणार नाही, परंतु या विषयाची मांडणी करता येईल.

मूत्रपिंडे निकामी झाल्यानंतर त्यांतले बहुतेक नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक आणि त्यांच्या नलिका, मरतात. जे थोडे उरतात त्यांच्यावर वाढीचा अखंड दाब असतो. त्या नलिकांच्या पेशी वाढत राहतात, नलिका फुगतात आणि त्यांच्या सिस्ट होतात. जन्मतः असलेल्या आनुवंशिक पॉलिसिस्टिक आजाराशी याचा संबंध नाही. १९७७ साली ऑक्सफर्डच्या डनिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डायलिसिसवरील रुग्णांच्या मूत्रपिंडांत हा प्रकार प्रथम नीट नोंदवला. तीन-चार वर्षांच्या डायलिसिसनंतर तो पुष्कळांत आढळतो आणि दहा वर्षांनंतर बहुसंख्य रुग्णांत असतो. यांतल्या बहुतेक सिस्ट आयुष्यभर निरुपद्रवी राहतात. थोड्यांच्या भिंतीत मात्र पेशींची वाढ हाताबाहेर जाते आणि मूत्रपिंडाचा कर्करोग होतो. त्यातला एक प्रकार केवळ अशाच मूत्रपिंडांत दिसतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६च्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. त्यातल्या त्यात बरी गोष्ट ही, की हे कर्करोग बहुधा सावकाश वाढतात आणि लवकर सापडले तर शस्त्रक्रियेने पूर्ण निघतात.

आता बाकावरच्या मताविषयी. अशा सिस्ट पोटातले डायलिसिस घेणाऱ्यांतही होतात, आणि डायलिसिस सुरू होण्यापूर्वी, क्रिएटिनिन नुसते वाढलेले असतानाही दिसू लागतात. यंत्र दोषी असते तर यंत्राला कधीच न जोडलेल्या माणसांत त्या का दिसल्या असत्या? दोष निकामी मूत्रपिंडाकडे जातो. यंत्र माणसाला वर्षानुवर्षे जगवते आणि त्या काळात मूत्रपिंडातली प्रक्रिया पुढे सरकत राहते.

म्हणून बाबांच्या प्रश्नाचे उत्तर: त्या किडनीने गाळण्याचे काम सोडले आहे, वाढण्याचे नाही.

आडवाट

नेफ्रॉन यांच्याविषयी आदर राखून मतभेद नोंदवतो. वैद्यक व्यवसायाला यंत्र निर्दोष ठरवण्याची जरा जास्तच घाई असते, असे मला वाटते. डायलायझर, म्हणजे यंत्रातली रक्त गाळणारी नळकांडी, अनेक वर्षे एथिलीन ऑक्साइडने निर्जंतुक केले जात होते, आणि तो वायू कर्करोगकारक म्हणून मान्य झालेला आहे. आपल्याकडे डायलायझर धुऊन पुन्हा वापरतात आणि त्यासाठी फॉर्मॅलिन वापरले जात असे. तेही त्याच यादीत आहे. नळ्यांच्या प्लॅस्टिकमधून काय झिरपते ते वेगळेच. आठवड्याला तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास, थेट रक्ताशी संपर्क. याचा काहीच परिणाम होत नाही, हे कोणत्या आधारावर म्हणायचे?

सुईदोरा

मी डायलिसिस टेक्निशियन आहे. आडवाट यांची शंका रास्त आहे, कारण ही रसायने वापरली गेली आहेत. त्यातला व्यवहार तेवढा सांगतो. नवा डायलायझर असला तरी रुग्णाला जोडण्यापूर्वी तो आणि सगळ्या नळ्या सलाइनने धुऊन, हवा काढून घेतात. याला प्रायमिंग म्हणतात. एथिलीन ऑक्साइडने तत्काळ होणारा त्रास म्हणजे पहिल्या काही मिनिटांतली ॲलर्जी, आणि त्या त्रासामुळेच वाफेने किंवा गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेले डायलायझर मोठ्या प्रमाणावर आले. पुनर्वापर असेल तेथे हल्ली बहुधा पेरॲसिटिक आम्ल वापरतात. जोडण्यापूर्वी त्याचा अंश उरला आहे का हे पट्टी बुडवून पाहायचे असते. पट्टीचा रंग बदलला, तर पुन्हा धुवायचे. तुमच्या केंद्रात ही पट्टी तुमच्या डोळ्यांदेखत बुडवतात का, हे नातेवाइकांनी जरूर पाहावे. विचारले म्हणून कुणी रागावू नये, आणि रागावले तरी विचारावे.

आकडेमोड

विषय आकड्यांकडे न्यावा लागेल, कारण ‘धोका वाढतो’ या दोन शब्दांत फार काही दडून राहते.

या विषयातला पायाभूत अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड येथील, १९८० ते १९९४ या काळात डायलिसिस घेतलेल्या ८,३१,८०४ रुग्णांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. सरासरी अडीच वर्षांच्या काळात २५,०४४ जणांना कर्करोग झाला. त्याच वयाच्या आणि लिंगाच्या सर्वसाधारण लोकसंख्येवरून काढलेली अपेक्षित संख्या २१,१८५ होती. म्हणजे एकूण धोका १.१८ पट. हजार रुग्णांमागे या काळात साडेचार-पाच जादा कर्करोग, एवढाच त्याचा अर्थ.

पण ही सरासरी फसवी आहे. मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा धोका ३.६ पट होता, मूत्राशयाच्या दीडपट, थायरॉइड आणि इतर अंतःस्रावी ग्रंथींच्या सव्वादोन पटींहून थोडा अधिक. याउलट फुप्फुस, मोठे आतडे, स्तन, प्रोस्टेट आणि जठर यांच्या कर्करोगांत सातत्याने वाढ दिसली नाही. वयानुसारही चित्र पालटते: पस्तिशीच्या आतल्या रुग्णांत एकूण धोका ३.६८ पट होता आणि वयाबरोबर तो उतरत गेला. तरुणांना मुळात कर्करोग क्वचित होतो, त्यामुळे पट मोठी दिसली तरी प्रत्यक्ष रुग्ण थोडेच असतात, हेही ध्यानात घ्यावे.

आडवाट यांच्या मुद्द्याकडे या आकड्यांतून पाहता येते. रक्तात मिसळणारे रसायन दोषी असते, तर ते रक्ताबरोबर सर्वत्र पोचले असते. जादा कर्करोग मात्र मूत्रमार्गात, थायरॉइडसारख्या ग्रंथींत आणि विषाणूंशी संबंध असलेल्या अवयवांत एकवटलेले दिसतात. रसायने पूर्णपणे निर्दोष आहेत हे यावरून सिद्ध होत नाही. पण खटल्यातला मुख्य आरोपी ती नव्हेत, एवढे म्हणता येते.

आडवाट

हा युक्तिवाद मान्य. तरी दोन प्रश्न उरतात. एक, डायलिसिसचा रुग्ण आठवड्यातून तीनदा रुग्णालयात जातो. त्याच्या तपासण्याच जास्त होत असतील, तर कर्करोग जास्त सापडणारच. दोन, काहींची मूत्रपिंडे कर्करोगामुळेच गेलेली असतील, त्यांचे काय?

आकडेमोड

दोन्ही आक्षेप खरे आहेत. मायलोमा हा अस्थिमज्जेचा कर्करोग त्याचे ठळक उदाहरण. त्यातली प्रथिने मूत्रपिंडाच्या नलिकांत साचतात, आणि कित्येकदा आधी डायलिसिस सुरू होते, मग दुखण्याचे मूळ सापडते. असे कर्करोग गणनेतून वगळले नाहीत, तर कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते.

२००६ साली ‘जामा’मध्ये आलेल्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या अभ्यासात मूत्रपिंडे निकामी करणारे कर्करोग बाजूला काढून २८,८५५ रुग्णांची तीन टप्प्यांत तुलना केली होती. डायलिसिसपूर्वीच्या काळात धोका १.१६ पट, डायलिसिसवर १.३५ पट आणि प्रत्यारोपणानंतर ३.२७ पट.

सिडनीकर

शेवटच्या आकड्याने बरेच जण दचकतील, म्हणून लिहितो. मला प्रत्यारोपण होऊन बरीच वर्षे झाली. येथे दरवर्षी त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन डोक्यापासून तळपायापर्यंत त्वचा तपासून घ्यावी लागते. गोऱ्या त्वचेच्या माणसांत प्रत्यारोपणानंतर त्वचेचे कर्करोग फार होतात. आपल्या वर्णाच्या लोकांत ते बरेच कमी दिसतात, तरी येथे सर्वांना एकच शिस्त. आकडेमोड यांनी दिलेल्या ३.२७ या आकड्यात त्वचेचे हे नेहमीचे कर्करोग धरलेले नाहीत. नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून आयुष्यभर घेतलेली औषधे प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात, आणि विषाणूंमुळे होणाऱ्या कर्करोगांना वाव मिळतो.

एवढे असूनही, ज्याला प्रत्यारोपण झेपते तो डायलिसिसवर राहणाऱ्यापेक्षा सर्वसाधारणपणे जास्त जगतो. डायलिसिसवरील माणसाला खरा धोका हृदयाचा असतो. कर्करोगाच्या भीतीने कुणी प्रतीक्षायादीतून नाव काढून घेऊ नये.

पळसपान

मूत्राशयाचा उल्लेख झाला म्हणून एक महत्त्वाचे कारण नोंदवते. ब्रुसेल्समध्ये वजन कमी करण्यासाठी एका दवाखान्यात चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेतलेल्या स्त्रियांची मूत्रपिंडे झपाट्याने निकामी झाली. १९९३ साली हे प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात आले. त्यांत ॲरिस्टोलोकिया कुळातली वनस्पती मिसळली गेली होती. पुढे ज्यांची निकामी मूत्रपिंडे आणि मूत्रनलिका खबरदारी म्हणून काढल्या, अशा ३९ जणांपैकी १८ जणांत मूत्रमार्गाच्या अस्तराचा कर्करोग सापडला. तैवानमध्ये डायलिसिसवरील रुग्णांत हा कर्करोग फार आढळतो आणि त्यामागे हीच वनस्पतिजन्य औषधे हे एक मोठे कारण मानले जाते. तेथे २००३ साली त्यांवर बंदी आली.

आपल्याकडे ईश्वरी नावाने ओळखली जाणारी वेल याच कुळातली आहे. आयुर्वेदाला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. माझे माहेर वैद्यांचे आहे. परंतु चिठ्ठीवर घटक न लिहिता पुडी देणाऱ्याकडून किडनीसाठी काहीही घेऊ नये आणि पूर्वी घेतले असेल, तर ते डॉक्टरांना सांगावे. ज्याचे मूत्रपिंड अशा औषधाने गेले, त्याला सिस्टच्या कर्करोगापेक्षा मूत्रमार्गाच्या अस्तराच्या कर्करोगाची काळजी जास्त.

नेफ्रॉन

पळसपान यांनी फार मोलाचे लिहिले. त्याच जातीचे आणखी एक कारण म्हणजे ल्युपससारख्या (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते अशा) आजारांत पूर्वी घेतलेले सायक्लोफॉस्फमाइड, ज्याने मूत्राशयाचा कर्करोग होऊ शकतो. वर्षानुवर्षे घेतलेल्या फेनासेटिनयुक्त वेदनाशामकांनीही मूत्रमार्गाचे नुकसान होत असे. मूत्रपिंडे ‘कशाने’ गेली हा प्रश्न डायलिसिस सुरू झाल्यावर मागे पडतो, परंतु पुढची भीती कोणत्या अवयवाची, हे पुष्कळदा त्याच उत्तरावर ठरते.

विषाणूंच्या बाबतीत: हिपॅटायटिस बी आणि सी यांमुळे यकृताचा कर्करोग होतो, आणि डायलिसिस केंद्रांत त्यांचा प्रसार हा जुना प्रश्न आहे. हिपॅटायटिस बीची लस डायलिसिसच्या रुग्णांत नेहमीच्या डोसला नीट लागत नाही, म्हणून दुप्पट डोस देतात आणि प्रतिपिंडांची पातळी दरवर्षी मोजतात. ती १०च्या खाली गेली, तर बूस्टर. सी विषाणूवर आता गोळ्यांचा प्रभावी उपचार आहे. कर्करोग टाळण्याचा बीच्या लशीहून स्वस्त मार्ग डायलिसिसच्या रुग्णाकडे दुसरा नाही, आणि त्या लशीची आठवण कुणालाच नसते.

तिसरीपाळी

मी स्वतः डायलिसिसवर आहे. पाळी कोणती ते नावावरून कळेलच. वरचे सगळे आकडे वाचले, पण आमच्या बाजूने एक गोष्ट सांगायची राहिली. कर्करोगाची म्हणून जी लक्षणे दवाखान्याच्या भिंतीवरच्या तक्त्यात लिहिलेली असतात, म्हणजे थकवा, भूक मंदावणे, रक्त कमी होणे, अंगाला खाज, ती आम्हाला वर्षाचे बारा महिने असतात. लघवीतून रक्त जाणे हे मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे लक्षण. ज्याला लघवीच होत नाही, त्याला ते कुठे दिसणार?

वजन घटण्याचेही तसेच. आमचे वजन प्रत्येक पाळीला दोनदा होते, आधी आणि नंतर, आणि पाणी काढून झाल्यावरचे ड्राय वेट फळ्यावर लिहिलेले असते. मध्यंतरी माझा काट्यावरचा आकडा महिनोन्‌महिने हलला नव्हता, पण पँटच्या पट्ट्याला टोच्याने नवे भोक पाडावे लागले होते आणि मनगटातले घड्याळ कोपराकडे घसरत होते. अंगावरचे मांस जात होते आणि तेवढेच पाणी शरीरात साठत होते, म्हणून बेरीज तीच येत होती. रक्तदाब वाढू लागला आणि रात्री आडवे झाल्यावर दम लागू लागला, तेव्हा आमच्या पाळीच्या सिस्टरांनी घोट्यावर बोट दाबून पाहिले आणि ड्राय वेट हळूहळू उतरवायला लावले. ते उतरतच गेले. मग शोधाशोध सुरू झाली, मानेतली गाठ सापडली, सगळ्यांनी कर्करोग गृहीत धरला. बायोप्सीत क्षय निघाला.

मिश्कील

क्षय झाल्याचा आनंद होणारे कुटुंब प्रथमच पाहिले असेल बायोप्सीवाल्यांनी.

तिसरीपाळी

पेढे वाटायचे बाकी होते. दुधातल्या फॉस्फरसच्या पथ्यामुळे राहिले.

नेफ्रॉन

तिसरीपाळी यांचा प्रतिसाद माझ्या सहकाऱ्यांनाही वाचायला देणार आहे. आपल्याकडे डायलिसिसच्या रुग्णाचे वजन घटले, ताप येऊ लागला आणि गाठी दिसल्या, तर क्षय आणि लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कर्करोग) हे दोघे एकाच वेळी दारात उभे असतात, आणि ऊतीचा तुकडा तपासल्याशिवाय कुणालाही आत घेऊ नये. अंदाजाने क्षयाची औषधे सुरू केली, तर लिम्फोमाचे महिने वाया जातात.

आणखी एक खूण आहे. रक्तवाढीचे इंजेक्शन, म्हणजे एरिथ्रोपोएटिन, एका डोसवर नीट चालत असताना अचानक हिमोग्लोबिन उतरू लागले आणि लोह पुरेसे असूनही डोस वाढवत न्यावा लागला, तर ‘डोस वाढवा’ एवढ्यावर थांबू नये. जंतुसंसर्ग, रक्तस्राव आणि कर्करोग, तिन्ही शोधावेत. कर्करोग असताना हे इंजेक्शन फार वाढवणेही धोक्याचे असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ साली त्यावर कडक इशारा छापायला लावला.

रुईचापान

आमच्या सासूबाई डायलिसिसवर असताना त्यांच्या स्तनात गाठ सापडली. ती त्यांनाच आंघोळीच्या वेळी हाताला लागली. मॅमोग्राफीत कॅल्शियमचे ठिपके पुष्कळ दिसले. डायलिसिसच्या रुग्णांत रक्तवाहिन्यांमध्ये कॅल्शियम साचतेच, त्यामुळे चित्र वाचणे अवघड जाते, असे तेव्हा कळले. बायोप्सीत कर्करोगाचे निदान झाले.

यापुढे जे घडले ते कुठल्याच पुस्तिकेत वाचले नव्हते. गाठ डाव्या बाजूला, आणि फिस्टुलाही (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी जोडून घेतलेली रक्तवाहिनी) डाव्याच हाताला. काखेतल्या सगळ्या लसिकाग्रंथी काढल्या तर हाताला सूज येऊ शकते, आणि फिस्टुलाचा हात सुजला तर सुया टोचायच्या कुठे? शल्यचिकित्सक आणि नेफ्रॉलॉजिस्ट यांना एका टेबलापाशी आणण्यातच आमची निम्मी शक्ती गेली. शेवटी आधी पहिली ग्रंथी काढून तपासायची आणि ती स्वच्छ असेल, तर बाकीच्यांना हात लावायचा नाही, असे ठरले. ती स्वच्छ निघाली. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीचे डायलिसिस हेपरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाशिवाय झाले. केमोथेरपीची गरज पडली नाही. पडली असती तर कोणते औषध यंत्रातून निघून जाते, कोणते शरीरात साठते, किती डोस आणि डायलिसिसच्या आधी की नंतर, हा स्वतंत्र अभ्यासच आहे.

पॅकेजच्या प्रश्नावर माझे मत: ज्या गोष्टी हाताने आणि डोळ्यांनी पाहता येतात, त्या सोडू नका. स्तन, तोंड, मान. घरात कुणी तंबाखू किंवा मिश्री लावत असेल, तर गाल आणि जीभ नक्की पाहून घ्या. डायलिसिसवर आहे म्हणून तंबाखूचा कर्करोग थांबत नाही.

आकडेमोड

पॅकेजविषयी लिहितो. १९९६ सालचे एक गणित प्रसिद्ध आहे: डायलिसिसवरील सर्व रुग्णांची नेहमीची कर्करोग-चाळणी (लक्षणे नसताना केलेली तपासणी) केली, तर सरासरी आयुष्य पाच दिवस किंवा त्याहूनही कमी वाढते. कारण सरळ आहे. आज चाळणीत सापडणारा स्तनाचा वा आतड्याचा कर्करोग त्रास द्यायला काही वर्षे घेतो, आणि तेवढ्या अवधीत हृदयविकार किंवा जंतुसंसर्ग पुष्कळांना गाठतो. २०१२ साली अमेरिकेच्या नेफ्रॉलॉजी संघटनेने आपल्या डॉक्टरांना जाहीर सल्ला दिला, की ज्यांचे उरलेले आयुष्य मर्यादित आहे आणि ज्यांना लक्षणे नाहीत, अशा डायलिसिसच्या रुग्णांची सरसकट कर्करोग-चाळणी करू नये.

आडवाट

पाच दिवस ही सरासरी आहे, आणि तुम्हीच वर म्हणालात की सरासरी फसवी असते. पंचाहत्तरीच्या, दोनदा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णाचे आणि कृष्णाकाठ यांच्या ५६ वर्षांच्या वडिलांचे गणित एकच कसे असेल? त्यांचे नाव तर प्रतीक्षायादीत आहे.

आकडेमोड

अगदी बरोबर. सल्ल्यातले ‘उरलेले आयुष्य मर्यादित’ हे शब्द त्यासाठीच आहेत. प्रत्यारोपण होऊ घातले आहे, तो या गणितात बसत नाही.

नेफ्रॉन

येथे आडवाट आणि मी एका बाजूला आलो आहोत, याची नोंद व्हावी.

प्रत्यारोपणाच्या उमेदवाराची चाळणी अधिक कसून करावी लागते, कारण लपलेला कर्करोग प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांखाली भडकू शकतो. केडीआयजीओ या मूत्रपिंडविकारांवरील आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत तीन वर्षे किंवा अधिक डायलिसिस, सिस्ट झालेली मूत्रपिंडे, वेदनाशामकांनी गेलेली मूत्रपिंडे किंवा घरात मूत्रपिंडाचा कर्करोग असलेल्या उमेदवारांची मूत्रपिंडांची सोनोग्राफी करावी असे सुचवले आहे. स्तन, गर्भाशयमुख आणि आतडे यांच्या तपासण्या वयाप्रमाणे, इतरांसारख्याच.

लॅबच्या पॅकेजमधल्या रक्तातील ट्यूमर मार्करविषयी (कर्करोगाची खूण मानल्या जाणाऱ्या पदार्थांविषयी) मात्र स्पष्ट नकार देतो. यांतले काही मार्कर मूत्रपिंडे निकामी असताना कर्करोगाशिवायही वाढलेले दिसतात. त्यातला सीए-१२५ पोटात किंवा छातीत पाणी असले तरी वाढते. प्रोस्टेटच्या पीएसएचा मुक्त अंश डायलिसिसच्या रुग्णांत चढा असतो, म्हणून मुक्त आणि एकूण यांचे गुणोत्तर निरुपयोगी ठरते. शौचातले अदृश्य रक्तही हेपरिनमुळे आणि आतड्यातल्या नाजूक रक्तवाहिन्यांमुळे कर्करोग नसताना सापडू शकते. काकांना सांगा, हे पॅकेज चिंता विकत देते आणि तिच्या निराकरणाचे पैसे पुढे वेगळे पडतात.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सीटी करताना चित्र स्पष्ट यावे म्हणून शिरेतून देतात ते रंगद्रव्य (कॉन्ट्रास्ट) द्यावे की नाही यावर पुन्हा गोंधळ झाला. एका ठिकाणी ‘डायलिसिसचा रुग्ण, रंगद्रव्य देणार नाही’ म्हणून परत पाठवले. आमच्या नेफ्रॉलॉजिस्टनी लेखी दिले, की बाबांना लघवी अजिबात होत नाही, मूत्रपिंडांचे राखण्यासारखे काही उरलेले नाही, तेव्हा रंगद्रव्य द्यावे. मग दुसरीकडे सीटी झाला. जाड भिंतीच्या त्या सिस्टमध्ये सुमारे दोन सेंटीमीटरची घन गाठ आहे आणि ती रंगद्रव्य घेते. बाहेर कुठे पसरल्याचे दिसत नाही. युरॉलॉजिस्ट दुर्बिणीतून पूर्ण डावे मूत्रपिंड काढायला सांगत आहेत.

बाबांना वाटते, की आता प्रत्यारोपणाच्या यादीतून नाव गेले. गाठीपेक्षा त्याचाच धसका त्यांनी जास्त घेतला आहे.

नेफ्रॉन

रंगद्रव्याविषयी तुमच्या डॉक्टरांनी योग्य तेच केले. ज्यांना थोडी लघवी होते त्यांच्यासाठी विचार करावा लागतो, कारण तेवढी लघवीही मोलाची असते. एमआरआयसाठी देतात त्या गॅडोलिनियम या रंगद्रव्याची भीती निराळी होती. २००६ साली त्याचा त्वचा आणि ऊती कडक करणाऱ्या एका आजाराशी संबंध लक्षात आला. आता वापरात असलेल्या नव्या प्रकारांत ती जोखीम फारच कमी आहे.

काम न करणारे मूत्रपिंड अर्धवट राखण्यात हशील नसते, म्हणून ते पूर्ण काढतात. यादीविषयी: त्याच मार्गदर्शक तत्त्वांत, योगायोगाने सापडलेल्या आणि ३ सेंटीमीटरहून लहान गाठीसाठी ती पूर्ण काढल्यानंतर थांबण्याचा कोणताही सक्तीचा काळ ठेवलेला नाही. त्याहून मोठ्या पण मूत्रपिंडापुरत्या गाठींसाठी किमान दोन वर्षे, आणि आक्रमक गाठींसाठी किमान पाच वर्षे. अंतिम निर्णय पॅथॉलॉजीचा अहवाल पाहून तुमचे प्रत्यारोपण केंद्र घेईल. दरम्यान नाव तात्पुरते निष्क्रिय ठेवले जाऊ शकते. निष्क्रिय म्हणजे रद्द नव्हे, हे बाबांना नीट समजावून सांगा, आणि त्यांची ज्येष्ठता कशी मोजली जाईल हे समन्वयकांकडून लेखी घ्या.

सुईदोरा

शस्त्रक्रियेच्या रुग्णालयात डायलिसिसची सोय आहे ना, हे आधी पाहा. नसेल तर ने-आण कोण करणार हे ठरवा. शेवटच्या काही पाळ्यांचा तक्ता बरोबर न्या: ड्राय वेट, हेपरिनचा डोस, सुयांच्या जागा, रक्तदाब कुठवर उतरतो ते. फिस्टुलाच्या हाताला सलाइन लावू देऊ नका, रक्तदाबाचा पट्टा बांधू देऊ नका. भूल दिल्यावर रुग्ण स्वतः सांगू शकत नाही, म्हणून त्या हातावर पेनाने मोठ्या अक्षरांत लिहा. आम्ही तसेच करतो.

तिसरीपाळी

कृष्णाकाठ, बाबांना सांगा की प्रतीक्षायादीतला एक सहप्रवासी त्यांच्या मागेच उभा आहे आणि जागा धरून ठेवतो आहे. माझ्या फाइलमध्ये मूत्रपिंडांची शेवटची सोनोग्राफी शोधली, सापडली नाही. उद्याच्या पाळीला डॉक्टरांकडून चिठ्ठी घेतो.

रुईचापान

एक शंका. उजव्या मूत्रपिंडातही सिस्ट आहेत, असे पहिल्या अहवालात होते. मग दोन्ही एकदमच का काढत नाहीत?

नेफ्रॉन

उजव्या बाजूला संशयास्पद काही नसेल, तर बहुधा काढत नाहीत. निकामी मूत्रपिंडही थोडे एरिथ्रोपोएटिन तयार करत असते. दोन्ही काढली की हिमोग्लोबिन आणखी उतरते आणि रक्त देण्याची वेळ येऊ शकते. बाहेरचे रक्त दिल्याने शरीरात परक्या ऊतींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि जुळणारी किडनी मिळणे कठीण होते. त्यामुळे उजव्या मूत्रपिंडावर ठरावीक काळाने सोनोग्राफीची नजर ठेवतील. प्रत्यारोपणानंतर सिस्ट आकसतात, तरी जुन्या मूत्रपिंडात कर्करोग होण्याची शक्यता उरते, म्हणून ही तपासणी पुढेही चालू ठेवावी लागते.

कृष्णाकाठ, या शस्त्रक्रियेतही रक्त देण्याची वेळ आलीच, तर श्वेतपेशी गाळलेले रक्त मागा, आणि किती पिशव्या कोणत्या तारखेला दिल्या हे प्रत्यारोपण समन्वयकांना कळवा; पुढच्या प्रतिपिंड-तपासणीची वेळ त्यावरून ठरते.